वारा पडला की विमान

रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड हे हवाई अंतर साधारण ३८० किलोमीटर आहे. मुंबईहून पणजी याहून थोडी लांबच पडते. ट्विन ऑटर नावाचं छोटं विमान हे अंतर दीडेक तासात कापतं. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातली ही दोन गावं. २०२१च्या जनगणनेत रेझोल्यूटची वस्ती १८३ भरली आणि ग्रीस फियॉर्डची १४४. ग्रीस फियॉर्डच्या उत्तरेला कॅनडात हवामान केंद्रं आणि लष्करी ठाणं सोडलं तर गाव असं नाहीच. दोन गावांच्या मधे रस्ता नाही, दुकान नाही, एकही घर नाही. या दोन्ही गावांत मी नर्स म्हणून काम केलं. त्या कामाचा निम्मा भाग म्हणजे या ३८० किलोमीटरशी रोजचा व्यवहार होता.

नर्सिंगचं शिक्षण माझं मिरजेत झालं. सांगली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काही वर्षं काढली, लग्नानंतर कॅनडात आले, परवान्याच्या परीक्षा दिल्या आणि ओंटारिओतल्या एका मोठ्या रुग्णालयात लागले. काम चांगलं होतं, पण पेशंटचा एक तुकडाच वाट्याला यायचा. ऑपरेशननंतरचे दोन दिवस माझे, मग दुसरा वॉर्ड, दुसरी नर्स. तो माणूस पुढे चालायला लागला का, घरी त्याचं कोण करतं, हे कधी कळायचं नाही. उत्तरेकडच्या आरोग्य केंद्रांना करारावर नर्स लागतात असं समजलं तेव्हा मला आमचं जुनं केंद्र आठवलं आणि मी अर्ज केला.

अंदाज बरोबर निघाला. इथेही बाळाच्या लसीपासून म्हाताऱ्यांच्या साखरेपर्यंत सगळं नर्सकडे. टाके तिने घालायचे, औषधं तिने मोजून द्यायची, रात्री दोनला फोन वाजला तर बूट चढवून तिनेच निघायचं. डॉक्टर फोनवर असतात, अधूनमधून दौऱ्यावर येतात. फरक एवढाच, की आमच्या केंद्रातून पेशंट हलवायचा म्हटलं तर जीप होती, जीप बिघडली तर गावातला कुणीतरी ट्रॅक्टर काढायचा. इथे विमान. विमान नाही तर काहीच नाही.

ग्रीस फियॉर्डच्या पेशंटला रुग्णालय म्हणजे इकालुइट, नुनावुतची राजधानी. सरळ रेषेत ती दीड हजार किलोमीटरवर आहे. पण सरळ रेषेने कुणी जात नाही. आधी नैर्ऋत्येला रेझोल्यूटला यायचं, तिथे विमान बदलायचं, मग आग्नेयेला पुन्हा दीड हजारांहून जास्त किलोमीटर. इकालुइटला जमलं नाही तर ओटावा, म्हणजे गावापासून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. या साऱ्या प्रवासात पहिला टप्पा सगळ्यात लहान आणि सगळ्यात बेभरवशाचा. रेझोल्यूटची धावपट्टी खडीची असली तरी जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे, तिथे जेट उतरू शकतं. ग्रीस फियॉर्डची धावपट्टी जेमतेम अर्धा किलोमीटर. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र. १९६५मध्ये पहिल्यांदा उडालेलं ट्विन ऑटर तिथे अजून चालतं, कारण थोड्या जागेत चढणं-उतरणं हेच त्याचं वैशिष्ट्य आहे. चाकांवर, स्कीवर किंवा तरंगत्या पायांवर, कसंही ते वापरता येतं.

निरभ्र दिवशी हा प्रवास करावा. रेझोल्यूट कॉर्नवॉलिस बेटावर आहे. तिथून उडालं की वेलिंग्टन खाडीचा बर्फ लागतो आणि मग डेव्हन बेट. जगातल्या निर्मनुष्य बेटांत हे सगळ्यात मोठं. त्याच्या नैर्ऋत्य टोकाशी बीची बेट आहे. जॉन फ्रँकलिनच्या हरवलेल्या मोहिमेतले तीन खलाशी १८४६मध्ये तिथे पुरले गेले. डेव्हनवरच हॉटन नावाचं उल्काविवर आहे, सुमारे वीस किलोमीटर रुंद. मंगळावर माणूस गेला तर त्याने कसं वावरावं याचा अभ्यास शास्त्रज्ञ १९९७पासून तिथे करत आले आहेत, कारण ती जमीन मंगळाच्या जमिनीशी मिळतीजुळती आहे. एका वैमानिकाने मला खिडकीतून ते विवर दाखवलं होतं. पुढे जोन्स साउंडचा गोठलेला समुद्र आणि पलीकडे एल्समियर बेटाचे काळे कडे. त्या कड्यांच्या पायथ्याशी किनाऱ्याला चिकटून रंगीत घरांच्या ओळी दिसतात. तेच ग्रीस फियॉर्ड. इथले इनुइट लोक, म्हणजे आर्क्टिकमधले मूळनिवासी, त्याला औजुइत्तुक म्हणतात आणि रेझोल्यूटला कौसुइत्तुक.

या भागात होकायंत्रावर विसंबता येत नाही. चुंबकीय उत्तर ध्रुव जेम्स क्लार्क रॉसला १८३१मध्ये याच द्वीपसमूहाच्या दक्षिणेला, बूथिया द्वीपकल्पावर सापडला होता. तेव्हापासून तो उत्तरेकडे सरकत गेला आणि आता भौगोलिक ध्रुव ओलांडून सायबेरियाच्या बाजूला झुकला आहे. ध्रुवाजवळ चुंबकीय ओढ जवळजवळ सरळ खाली असते, त्यामुळे सुईला आडवी दिशा दाखवायला जोरच राहत नाही. म्हणून इथली उड्डाणं चुंबकीय उत्तर सोडून खऱ्या उत्तरेवरून दिशा मोजतात आणि धावपट्ट्यांचे आकडेही तसेच दिलेले असतात. ढग खाली आले की उपकरणांवर भरवसा ठेवून उडावं लागतं. २० ऑगस्ट २०११ रोजी रेझोल्यूटच्या धावपट्टीपासून सुमारे दोन किलोमीटरवर, खराब दृश्यमानतेत, एक बोइंग ७३७ टेकडीवर आदळलं. १२ माणसं गेली, ३ वाचली. गावातल्या मोठ्या माणसांसमोर तो दिवस अजून ताजा आहे. वैमानिक ‘आज नाही’ म्हणाला तर रेझोल्यूटमध्ये त्याच्याशी कुणी हुज्जत घालत नाही, आणि मीही कधी घातली नाही.

म्हणून आमच्या केंद्राचा दिवस विमानाच्या बातमीने सुरू व्हायचा. आठवड्यात ठरलेल्या फेऱ्या मोजक्या. त्यातही रेझोल्यूटचं घड्याळ ग्रीस फियॉर्डच्या एक तास मागे, त्यामुळे फोनवर वेळ सांगताना कुणाची वेळ हे प्रत्येक वेळी विचारून घ्यायचं. ग्रीस फियॉर्डच्या धावपट्टीवर हवामान बघणारा माणूस गावातलाच असायचा. ढगांची उंची किती, समोरचं किती दूरवर दिसतं, वारा कुठून आणि किती जोरात, हे तो दर तासाला कळवायचा. त्याच्या या नोंदीवर रेझोल्यूटमधला वैमानिक निर्णय घ्यायचा. नकाशावर अंतर कायमचं छापलेलं असतं. आमच्यासाठी ते रोज सकाळी नव्याने ठरायचं.

रक्ताच्या तपासणीचं उदाहरण घ्या. तपासणीची यंत्रणा केंद्रात थोडीच होती, बाकीच्या नळ्या विमानाने इकालुइटला जायच्या. रक्त काढून तसंच ठेवलं तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि अहवालात ते खोटंच वाढलेलं दिसतं. त्या अहवालावर विसंबून औषध बदललं तर माणसाच्या हृदयाशी खेळ होतो. म्हणून आधी विमान सुटल्याची खात्री करायची, मग पेशंटला बोलवायचं, रक्त काढून झालं की नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालायच्या, वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं आणि डबा भरायचा. कुणा आजीला मधुमेह आहे, मूत्रपिंडाची शंका आहे, तरी तिची तपासणी आज होणार की पुढच्या फेरीला, हे तिच्या आजारावर कमी आणि वाऱ्यावर जास्त अवलंबून.

लशींचा डबा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. सांगलीकडे मे महिन्यात उपकेंद्रावर लस न्यायची म्हणजे सगळी धडपड ती थंड ठेवण्याची. बर्फाच्या पिशव्या, झाकण घट्ट, डबा सावलीत. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथे नियम तोच, पण शत्रू उलटा. फेब्रुवारीत बाहेर उणे तीसच्या खाली. डबा विमानातून उतरून गाडीत चढेपर्यंत बाहेर राहिला तर लस गोठायची भीती. धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस-बीची लस एकदा गोठली की तिचा उपयोग संपतो, आणि वितळल्यावर वरवर ती पूर्वीसारखीच दिसते. म्हणून मी डबा आणायला स्वतः धावपट्टीवर जायचे. गाडी आधीपासून गरम करून ठेवलेली. वैमानिक सामानाच्या ढिगातून आमचा डबा पहिल्यांदा काढून थेट हातात द्यायचा. केंद्रात आल्यावर डब्यातल्या तापमापकाची नोंद बघायची. शंका आली तर मिरजेला शिकलेली चाचणी: संशयित बाटली आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली बाटली एकत्र हलवायच्या, टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कुणात गाळ लवकर बसतो ते बघायचं. गोठलेल्या लशीत बारीक कण खाली बसतात, वर पाणी निवळ होतं. आर्क्टिकमधल्या टेबलावर त्या दोन बाटल्या बघताना मला आमच्या केंद्रातल्या सिस्टरबाईंचा आवाज ऐकू यायचा. त्यांनी ती चाचणी आमच्याकडून इतक्यांदा करून घेतली होती, की हात आपोआप चालायचे.

हे झालं रोजचं. खरी परीक्षा पेशंट हलवताना.

हिवाळ्यात तान्ह्या मुलांच्या छातीचा एक विषाणू गावातून फिरतो. नुनावुतमधल्या बाळांना तो फार छळतो. घरं अपुरी, एकेका घरात माणसं जास्त, बाहेर थंडी म्हणून खिडक्या बंद. त्यामुळे एक शिंकलं की सगळी आजारी. एका रात्री ग्रीस फियॉर्डमध्ये असंच एक बाळ आणलं. काही महिन्यांचंच असेल. बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती, नाकपुड्या फुललेल्या, दूध घेत नव्हतं. ऑक्सिजन लावला, नाक साफ केलं, इकालुइटच्या डॉक्टरांना फोन केला. हलवायला हवं यावर आमचं लगेच एकमत झालं. रेझोल्यूटला विमानही तयार होतं. पण फियॉर्डमधून वारा सुटला होता. तो डोंगरावरून खाली कोसळतो, धावपट्टीवर आडवा येतो आणि त्यात बर्फ उडतो. समोरच्या घराचा दिवाही दिसेनासा झाला.

रात्र गेली. दुसरा दिवसही तसाच चालला होता. सूर्य उगवण्याचे दिवस नव्हते, त्यामुळे दिवस आणि रात्र यात फरक घड्याळाचाच. ऑक्सिजनच्या नळकांड्यांचा हिशेब मी भिंतीवर लिहून ठेवला होता. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र चालू होतं, पण वीज गेली तर काय, हा प्रश्न होताच. डॉक्टर ठरावीक वेळाने फोन करायचे आणि प्रत्येक वेळी त्याच क्रमाने विचारायचे: श्वास किती, रंग कसा, किती घोट प्यायलं. बाळाची आई खुर्चीत सरळ बसून होती. रडली नाही, ओरडली नाही. आजी बाळाच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून बसली होती.

त्या वेळात गावाने काय केलं ते मला लिहायलाच हवं. हवामान बघणारा माणूस दर तासाला तर कळवायचाच, मधे वारा थोडा उतरला की तेव्हाही कळवायचा. धावपट्टीवरचा बर्फ बाजूला करणारा चालक कुणी न सांगता यंत्र घेऊन फिरत राहिला, कारण साफ केलेली पट्टी तासाभरात पुन्हा भरत होती आणि वारा पडला त्या क्षणी ती तयार हवी होती. वीजघर सांभाळणाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं, की तो रात्रभर तिथेच थांबणार आहे. शेजारच्या बायका सूप घेऊन आल्या आणि आईला जबरदस्तीने चार घोट पाजून गेल्या. रेझोल्यूटमध्ये वैमानिक कपडे न बदलता बसून होते. दोन गावांतली किमान दहा-बारा माणसं त्या बाळासाठी जागी होती आणि त्यांतली बहुतेक त्याच्या नात्यातली नव्हती.

वारा पडला तेव्हा विमान आलं. धावपट्टीवर इंजिन बंदही न करता बाळ आत घेतलं, सोबतीला आई आणि विमानातली नर्स. रेझोल्यूटला दुसरं मोठं विमान थांबलं होतं, त्यातून इकालुइट. काही आठवड्यांनी बाळ परत आलं, आईच्या अमौतीत, म्हणजे बाळ पाठीशी घ्यायच्या इनुइट कोटात, झोपलेलं. मी कोट जरा बाजूला करून बरगड्या बघितल्या. सवयच ती.

मला त्या रात्री कळलेली गोष्ट पुढेही वारंवार कळत गेली. दोन गावांमधलं अंतर किती, हे किलोमीटरवर ठरत नाही. मधली वाट उघडी ठेवायला किती माणसं तयार आहेत, यावर ठरतं. हवामान बघणारा, पट्टी साफ करणारा, वीज राखणारा, फोनवर जागणारा. त्यांतला एक जरी कमी झाला, त्या जागेवर माणूस नेमायचा राहिला किंवा त्याचा पगार कुणी वाचवला, तर अंतर वाढतं. निसर्ग त्यात आहेच, वारा कुणाच्या हातात नाही. पण वारा पडल्यावर विमान येतं की नाही, हे माणसांच्या हातात आहे.

आणि मुळात ही गावं इतकी दूर का, हेही माणसांनीच ठरवलं होतं.

रेझोल्यूटची सुरुवात १९४७मध्ये झाली, कॅनडा आणि अमेरिका यांनी मिळून उभारलेलं हवामान केंद्र म्हणून. तिथे आणि ग्रीस फियॉर्डच्या किनाऱ्यावर त्या काळात इनुइट वस्ती नव्हती. १९५३मध्ये कॅनडा सरकारने क्विबेक प्रांतातल्या इनुक्जुआकमधली इनुइट कुटुंबं उचलून जहाजाने इथे आणली. दोन हजार किलोमीटर उत्तरेला. सोबत पाँड इनलेटची काही कुटुंबं, कारण ध्रुवीय रात्रीत शिकार कशी करायची हे त्यांना माहीत होतं. १९५५मध्ये आणखी काही आली. सगळी मिळून नव्वदीच्या आसपास माणसं. तिकडे शिकार भरपूर आहे, नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत या, असं त्यांना सांगितलं गेलं. परत आणण्याचं वचन पाळलं गेलं नाही. उत्तरेच्या बेटांवर आपला हक्क दाखवायला माणसं बसवली, असं ती कुटुंबं आणि अनेक इतिहासकार तेव्हापासून सांगत आले. शिकारीची सोय हेच कारण होतं, असं सरकार बराच काळ म्हणत राहिलं.

जहाजावर आणखी एक गोष्ट कळली. आपण सगळे एकाच ठिकाणी उतरणार असं लोक धरून चालले होते. वाटेत त्यांना सांगितलं, की काहींनी एल्समियरवर उतरायचं आणि काहींनी पुढे रेझोल्यूटला जायचं. भाऊ एकीकडे, बहीण दुसरीकडे. मी ज्या ३८० किलोमीटरचा हिशेब करत होते, ते त्या दिवशी एका कुटुंबाच्या मधोमध आखले गेले. पुढे नुनावुत घडवणाऱ्यांत ज्यांचं नाव अग्रक्रमाने येतं ते जॉन अमागोआलिक तेव्हा लहान होते, ते रेझोल्यूटला उतरले. लष्करी तळाच्या कचऱ्यातून अन्न आणि लाकूड वेचल्याच्या आठवणी त्यांनी जाहीरपणे सांगितल्या आहेत. लॅरी ऑडलालुक यांना तीन वर्षांचे असताना ग्रीस फियॉर्डच्या बाजूला नेलं. वर्षाच्या आत त्यांचे वडील गेले. २०२०मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२चा मूकपट फिल्म सोसायटीत ज्यांनी पाहिला असेल त्यांना हेही ठाऊक असावं, की तो इनुक्जुआकच्या परिसरात चित्रित झाला आणि दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा तिथला मुलगा जोसेफी १९५५मध्ये याच स्थलांतरात ग्रीस फियॉर्डला आणला गेला.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस काही कुटुंबं सरकारी खर्चाने इनुक्जुआकला परतली. पण तोवर उत्तरेत जन्मलेली मुलं मोठी झाली होती, त्यांना तेच गाव आपलं. त्यामुळे घरं पुन्हा विभागली. १९९६मध्ये भरपाईचा निधी आला आणि १८ ऑगस्ट २०१० रोजी सरकारने इनुक्जुआकमध्ये जाहीर माफी मागितली.

हा इतिहास मला पुस्तकातून नंतर कळला, आधी केंद्रात कळला. पेशंटच्या फाइलमध्ये ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना असतो. ग्रीस फियॉर्डमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या त्या रकान्यात रेझोल्यूटचं नाव यायचं, कधी इनुक्जुआकचं. एका आजोबांची बहीण रेझोल्यूटला आजारी होती. त्यांचं स्वतःचं दुखणं विमानाने नेण्याइतकं नव्हतं आणि भेटीसाठी तिकीट काढायचं तर ते त्यांच्या पेन्शनला झेपणारं नव्हतं. उपचारासाठी जाणाऱ्याचा खर्च सरकार करतं. बहिणीजवळ बसायला जाणाऱ्याचा करत नाही. मी दर आठवड्याला केंद्रातल्या फोनवरून त्यांचं बोलणं करून द्यायचे. दुभाषी नसली तरी काय चाललंय ते कळायचं, कारण ते बराच वेळ काहीच बोलायचे नाहीत आणि तरी फोन ठेवायचे नाहीत. ज्यांनी त्या भावंडांना वेगळं केलं, त्यांच्याकडे आज भेटीच्या तिकिटासाठी एक रकाना असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. माफीचा अर्थ पैशांत मोजता येत नाही हे खरं, पण तिकिटात थोडा मोजता येतो.

सगळ्यात जास्त माझ्या मनात राहिल्या त्या गरोदर बायका. या गावांत बाळंतपण करत नाहीत. रक्त देण्याची सोय नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि वारा सुटला तर काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून दिवस भरायच्या काही आठवडे आधी बाईला इकालुइटला पाठवतात, गुंतागुंत असेल तर ओटावाला. घरी दोन-तीन मुलं, नवरा शिकारीवर किंवा कामावर, आणि ती बोर्डिंगमध्ये दिवस मोजत. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. इथे बाईला माहेर-सासर दोन्ही मागे ठेवून अनोळखी गावी जावं लागतं. निघताना तिला मी कागद द्यायचे, गोळ्या द्यायचे, फोन नंबर द्यायचे. तिला हवी असायची ती आई. आईचं तिकीट प्रत्येकीला मिळायचं असं नाही.

धोका टाळायला एवढं करावंच लागतं, असं मी बराच काळ धरून चालले होते. मग इनुक्जुआकची माहिती मिळाली. क्विबेकच्या त्याच किनाऱ्यावर पुव्हिर्नितुक गावात १९८६मध्ये प्रसूतिकेंद्र सुरू झालं. तिथल्या इनुइट बायकांनी ते मागून घेतलं होतं. गावातल्याच बायकांना सुईणीचं शास्त्रशुद्ध शिक्षण तिथल्या तिथे दिलं गेलं. १९९८मध्ये इनुक्जुआकमध्येही तसं केंद्र झालं. म्हणजे ज्या गावातून ही कुटुंबं नेली, तिथली बाई आज आपल्या गावात, आपल्या भाषेत बोलणाऱ्या सुईणीच्या हाताखाली बाळंत होऊ शकते. आणि ज्यांना तिथून उचललं त्यांच्या नातींना जन्म द्यायला दीड हजार किलोमीटर उडावं लागतं. इनुक्जुआकही दूर आहे, तिथेही रस्ता जात नाही. तिथलं अंतर माणसं शिकवून कमी केलं गेलं.

१४४ वस्तीच्या गावात प्रसूतिकेंद्र चालणार नाही, हे मलाही कळतं. वर्षाला मोजक्याच बाळंतपणांत सुईणीचा हात चालता राहत नाही. पण गावात कायम राहणारी, तिथलीच, शिकलेली एक नर्स चालेल. गरोदर बाईबरोबर विमानात बसणारी, इकालुइटला तिच्याजवळ राहणारी आणि परत आणणारी गावातली बाई चालेल. ते खर्चिक आहे असं कुणी म्हणालं, तर मी माझाच खर्च दाखवीन. माझ्यासारखी करारावरची नर्स दक्षिणेतून विमानाने येते, तिच्यासाठी घर ठेवावं लागतं, काही आठवड्यांनी ती विमानाने जाते आणि तिच्या जागी दुसरी विमानाने येते. प्रत्येक नवी नर्स पेशंटला पहिल्यापासून सगळं विचारते. ज्या आजोबांनी आपली गोष्ट दहा नर्सना सांगितली, ते अकरावीला सांगत नाहीत, नुसतं ‘बरा आहे’ म्हणतात. या न सांगण्यात आजार दडून राहतात. आम्ही येत-जात राहिलो म्हणून हेही अंतर वाढलं आणि ते कुठल्याच नकाशावर येत नाही.

इकालुइटच्या नुनावुत आर्क्टिक कॉलेजात नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे. गावातल्या मुलींना तिथवर पोहोचवायचं तर गावच्या शाळेत विज्ञान नीट शिकवायला हवं, इकालुइटला राहायला जागा हवी, आणि सुट्टीत घरी यायचं तिकीट हवं, नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात मुलगी शिक्षण सोडून परत येते. ग्रीस फियॉर्डच्या शाळेत हात धुण्यावर बोलायला जायचे, तेव्हा एक-दोन मुली स्टेथोस्कोप सोडायला तयार नसायच्या. त्यांना मी एकमेकींच्या छातीचे ठोके मोजायला लावायचे आणि आकडे फळ्यावर लिहून घ्यायचे. त्यांच्यातली कुणी पुढे केंद्रात नर्स म्हणून बसली, तर वादळात अडकलेल्या बाळाजवळ त्याच्या आजीला ओळखणारी, तिची भाषा बोलणारी आणि वारा कधी पडेल हे अंगणातून सांगू शकणारी नर्स असेल. माझी नोकरी तिला मिळावी. ती मिळेपर्यंत माझ्यासारख्यांनी जात राहावं, काम चोख करावं, आणि दर वेळी परतताना तिच्या जागेचा प्रश्न वरच्यांपुढे पुन्हा मांडावा.

विमान, धावपट्टी, हवामानाची नोंद, फोन, हे सगळं चालू राहायलाच हवं. त्यातलं काही कमी करू नका, असं मी जिथे बोलायला मिळतं तिथे सांगते. पण दोन गावांमधलं अंतर टिकाऊपणे कमी करायचं असेल, तर त्या गावांतली माणसं शिकवावी लागतील. सत्तर वर्षांपूर्वी ती माणसं तिथे नेण्यासाठी सरकारने जहाज काढलं होतं. आता त्यांच्या नातवंडांसाठी कॉलेजातली जागा आणि घरी यायचं तिकीट काढणं, हे त्याच सरकारचं राहिलेलं काम आहे.